अकरा हिरवी मशिनं

शटर वर गेलं आणि मी दारातच थांबलो.

समोर अकरा मशिनं ओळीत उभी होती. अकराच्या अकरा हिरवीगार, मिलिटरीच्या ट्रकला असतो तो हिरवा. खाली वीतभर गेरूचा पट्टा, पट्ट्यावर पांढरी रेघ आणि प्रत्येक मशीनवर पांढऱ्या रंगात नंबर, एक ते अकरा. दारापासून आतपर्यंत दोन्ही बाजूंना विटा तिरक्या लावून त्यांना चुना मारलेला. एखादा जनरल यायचा असावा असा थाट.

"बघा साहेब, हाय का न्हाई तयार?" सुभेदार म्हणाले. हात मागे, छाती पुढे, मिशीला तेल.

माझ्या मागे मुंबईची पार्टी उभी होती. पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. फिरोजशेठ त्यांचं नाव. ते रात्रभर प्रवास करून फक्त ही मशिनं बघायला सांगलीला आले होते. त्यांच्या तोंडून एकच शब्द आला, "अरेरे."

तर हे कसं घडलं ते सांगतो. दोष कोणाचा ते शेवटी येईलच. पण आधीच सांगून टाकतो, बराचसा माझाच.

मी मशिनरी व्हॅल्युअर. ऑफिस साताऱ्यात. कारखाना बंद पडला, भागीदारांचं फाटलं, बँकेला तारण हवं झालं, की मला बोलावतात. मी मशीन बघतो, वाजवून पाहतो, तेल कुठून गळतंय ते शोधतो आणि किंमत लिहून देतो. किमती दोन. एक चालू मशीनची. दुसरी स्क्रॅप व्हॅल्यू, म्हणजे मशीन मोडून नुसतं लोखंड विकलं तर काय येईल ती. लेथ, बॉयलर, पिठाची गिरणी, उसाचा चरक, सगळं पाहिलं होतं. खेळाचं मशीन मात्र जन्मात पाहिलं नव्हतं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. एक दिवस सांगलीहून सुमनताई जाधव ऑफिसात आल्या. पन्नाशीच्या, हातात कापडी पिशवी. नवरा विलास चार महिन्यांपूर्वी गेला होता.

"त्यांची अकरा मशिनं हायत," त्या म्हणाल्या. "नाणं टाकून खेळायची. हळदीच्या गोडाऊनात ठेवल्यात. मालकाला जागा पाहिजे. विकायची हायत."

"भंगारवाल्याला दाखवलीत?"

झालं. बाईंचा चेहराच बदलला.

"साहेब, भंगारवाला काय सांगलीत मिळत न्हाई? त्यासाठी एस.टी. करून साताऱ्याला कशाला येऊ? आमच्या घरात वीस वर्षं हाच शब्द ऐकला मी. सासऱ्यांनी म्हटलं, भावकीनं म्हटलं. माझ्या थोरल्या दिरांनी तर तोंडावर म्हटलं, विलासनं भंगारात जन्म घालवला. मला पैसं थोडं आलं तरी चालंल. पण वजनावर विकायची न्हाईत. कुणीतरी जाणकारानं एकदा म्हणावं, की हे भंगार नव्हतं."

असं मागणं घेऊन माझ्याकडे कोणी आलं नव्हतं. लोकांना आकडा हवा असतो.

दोन दिवसांनी सांगलीला गेलो. गोडाऊनात पोत्यांखाली मशिनं, सगळ्यांवर हळदीचा पिवळा थर. एकेक पोतं ओढत गेलो आणि खरं सांगतो, येडा झालो. ही टीव्हीच्या पडद्यावरच्या गेमची मशिनं नव्हती, त्याच्या कितीतरी आधीची. आत कॉम्प्युटर नाही की काही नाही. मोटर, स्प्रिंग, घंटा, बल्ब आणि वायरींचं जंजाळ. एकात बंदुकीनं अस्वल मारायचं. एकात पोलादी गोळी दांड्यानं उडवायची, ती खिळ्यांना धडकत खाली येणार. एकात घोड्यांची शर्यत. थंड हवेच्या गावचे जुने क्लब मोडले तेव्हा विलासनं ही लिलावात उचलली होती. उन्हाळ्यात सांगलीत हॉल लावायचा आणि पौषात औंधच्या यमाईच्या यात्रेला टेम्पोतून न्यायचा.

पण खरा जीव होता तो चित्रांत. मशीनच्या माथ्यावर उभी काच आणि काचेवर रंगीत चित्र. अस्वलाच्या मशीनवर बर्फाचा डोंगर. शर्यतीच्या मशीनवर लाल टोपीतला जॉकी. आत बल्ब लागला की चित्र पेटून उठायचं. लाकडी अंगावरही नक्षी होती. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हे चित्र काचेच्या आतल्या बाजूला रंगवलेलं असतं. गिऱ्हाइकाचे हात लागून खराब होऊ नये म्हणून. त्याच्यावर कसलंच कव्हर नसतं. बल्बच्या उष्णतेनं रंग वाळून पोपडे धरलेले असतात. नुसतं ओलं फडकं फिरवलं तरी चित्र फडक्यावर येतं.

ही अक्कल मला तेव्हा नव्हती. फिरोजशेठनी नंतर शिकवली. जुन्या वस्तूंचा त्यांचा मोठा व्यापार. मी फोटो पाठवले, आठव्या दिवशी ट्रंककॉलसारखा ओरडत त्यांचा फोन आला. "इनामदार, कोणाला दाखवू नका! सगळी घेतो. माझ्या डोळ्यानं एकदा बघतो, मग ट्रकच घेऊन येतो."

मी सुमनताईंना एसटीडी बूथवरून कळवलं. पलीकडे त्या रडायलाच लागल्या. मग म्हणाल्या, "भावजींना तुमीच सांगा. माझं ऐकायचे न्हाईत."

भावजी म्हणजे विलासचे थोरले भाऊ, सुभेदार जाधव. पलटणीतून रिटायर होऊन साताऱ्यातच राहायचे. मी घरी जाऊन फोटो पुढ्यात ठेवले, फिरोजशेठचं बोलणं सांगितलं. सुभेदारांनी चष्मा लावला. फोटोंवरून एक नजर फिरवली आणि खाली ठेवले.

"मुंबईचा माणूस खास ह्यासाठी येणार?"

"खास ह्यासाठी."

"मी त्या गोडाऊनात एकदाबी गेलो न्हाई, साहेब. विलासनं लय बोलावलं. म्हटलं, खेळण्यात काय बघायचं." मग एकदम उठून उभे राहिले. "पार्टी कवा येणार तेवढं लेखी कळवा. पुढचं माझ्याकडं लागलं."

मला बरं वाटलं. घरातलं एक कर्तं माणूस हाताशी आलं. ऑफिसात येऊन टायपिस्टला सांगितलं, नेहमीचं पत्र काढ. वीस वर्षं शेकडो कारखान्यांना तेच पत्र गेलं होतं. "अमुक तारखेस पार्टी इन्स्पेक्शनसाठी येत आहे. सर्व मशिन्स इन्स्पेक्शनसाठी तयार ठेवाव्यात." कारखान्यात याचा अर्थ एवढाच, की मशीन कोपऱ्यातून पुढे ओढा, लाईट जोडून ठेवा. सही ठोकली, पत्र पोस्टात टाकलं.

आणि ते कोणाला पाठवलं? अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला! इन्स्पेक्शन म्हटल्यावर फौजी काय करतो, हे साताऱ्यात जन्मलेल्या मला कळू नये? इथे गल्लीत चार घरं सोडून एक पेन्शनर. त्यांच्या फाटकाला दर दिवाळीला रंग, कुंडीला गेरू, दगडाला चुना. हलतं त्याला सॅल्यूट, हलत नाही त्याला रंग, हे त्यांचंच वाक्य, हसत हसत सांगतात. पण नाही सुचलं मला. बुद्धी गहाण ठेवली होती.

पत्र मिळाल्यावर सुभेदार पहिल्याच एस.टी.नं सांगलीला गेले. पाच दिवस गोडाऊनात तळ ठोकला. वय सहासष्ट. मजूर लावला नाही. पॉलिश पेपर घासून लाकडावरची नक्षी काढली, मग रंगाचे दोन हात. सुमनताई डबा घेऊन जायच्या, त्यांना शटरबाहेरच थांबवायचे. "आत यायचं न्हाई. पार्टीबरोबरच बघायचं."

हे सगळं मला त्या शटरसमोर उभं असताना तुकड्यातुकड्यानं कळलं.

फिरोजशेठ हळूहळू पुढे गेले. पहिल्या मशीनच्या माथ्यावरच्या काचेला हात लावला. काच आरपार. आतले बल्ब, वायरी, सगळं लख्ख दिसत होतं.

"चित्र कुठाय?" त्यांनी मला विचारलं. मी सुभेदारांकडे बघितलं.

"ते व्हय?" सुभेदार अभिमानानं म्हणाले. "आतनं लय घाण धरली होती. पोपडं आलेलं. रॉकेल लावलं, रद्दी पेपरानं घासलं. बघा, पाण्यावानी काच झाली. समद्या अशाच केल्या."

फिरोजशेठ दुसऱ्या मशीनकडे गेले. तिसऱ्याकडे. प्रत्येक काचेत वाकून बघत होते. अकराव्यापाशी पोचले आणि तिथेच रंगाच्या डब्यावर बसले.

सुमनताई पदर तोंडाला लावून दारात उभ्या होत्या. त्यांना एका नजरेत सगळं कळलं होतं. पण त्या रडल्या नाहीत. सरळ फिरोजशेठसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"शेठ, एक खरं सांगा. माझ्याकडं बघून गोड बोलू नका. आधी होती तशी असती, तर तुमी काय म्हणाला असता?"

फिरोजशेठ उठले. माणूस व्यापारी, पण त्या दिवशी व्यापार विसरला. "बाई, चाळीस वर्षं हा धंदा करतो मी. अशी अकरा एका जागी मी मुंबईत नाय पाहिली, कलकत्त्यात नाय पाहिली. तुमच्या मिस्टरांची नजर फार मोठी होती. मी भाव केला नसता. तुम्ही बोलला असता ते दिलं असतं."

सुमनताईंनी डोळे मिटले. ज्यासाठी त्या एस.टी. करून साताऱ्याला आल्या होत्या, ते त्यांना मिळालं होतं. असल्या वेळी मिळालं.

सुभेदारांना अजून उमगलं नव्हतं. "असती तर म्हंजे? मशिनं हायत की ही. चालत्यात समदी. तेल घातलंय मी." ते एकदा माझ्याकडे, एकदा शेठकडे बघायला लागले. "आवं, काय झालंय काय? कुणीतरी बोला की!"

बोलायचं माझंच काम होतं. पण कसं सांगायचं त्या माणसाला? भाऊ जिवंत असताना एकदाही आला नाही, मेल्यावर पाच दिवस गुडघे टेकून राबला.

शेवटी सुमनताईच बाहेर गेल्या. घर दोन गल्ल्या पलीकडे. दहा मिनिटांनी आल्या त्या गोधडीत काहीतरी गुंडाळून. जमिनीवर ठेवून उलगडलं. काच होती, कोपऱ्यातून तडा गेलेली. औंधच्या यात्रेत एकदा तडकली म्हणून विलासनं त्या मशीनला साधी काच बसवली होती आणि ही घरात पलंगाखाली जपली होती. त्यांनी ती दाराच्या उजेडाकडे धरली.

समुद्र होता. निळा, हिरवा, जांभळा. वर तीन शिडांचं जहाज आणि जहाजाच्या टोकाला कंदील धरलेली बाई. ऊन मागून आलं आणि कंदील लागल्यासारखा झाला.

"भावजी, ही असली चित्रं होती," सुमनताई म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "समद्यांवर होती."

सुभेदार काचेजवळ आले. चष्मा पुसला, पुन्हा लावला. फोटोत त्यांनी नीट बघितलं नव्हतं, गोडाऊनात वरचा हळदीचा थर आणि आतले पोपडे, त्यांना घाणच दिसली होती. आपल्या भावानं काय जमवलं होतं, ते हा माणूस आत्ता पहिल्यांदा बघत होता.

"ही... असली मी पुसली?"

त्यांनी मागच्या हिरव्या ओळीकडे बघितलं.

"किती?"

"दहा," मी म्हणालो.

ते वळले आणि त्या चुना मारलेल्या विटांमधून चालत बाहेर गेले. मी मागे धावलो. गोडाऊनच्या ओट्यावर ते बसले होते. माझं पत्र खिशातून काढलेलं, चार घड्या घातलेलं.

"सुभेदार, चूक माझी आहे. मी नीट लिहायला हवं होतं."

"व्हय, तुमची हाय," ते म्हणाले. मला वाटलं होतं नाही म्हणतील. "हुकूम अर्धा द्यायचा नसतो, साहेब. तयार ठेवा म्हटल्यावर फौजी तयारच करणार. आमच्याकडं अर्ध्या हुकमानं माणसं मरायची." पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं. "पण बघायचं माझं काम हुतं. वीस वर्षं बोलवत हुता त्यो. ते काय तुमच्या पत्रानं अडलं न्हवतं."

फिरोजशेठनी चार मशिनं घेतली, फक्त आतल्या सामानासाठी. बाकीची सात सांगलीतल्याच एका दुरुस्तीवाल्याला गेली, मोटरी आणि घंटा काढायला. वजनावर मात्र एकही विकलं नाही, एवढं मी पाहिलं. तडकलेल्या काचेला शेठनी हिरव्या मशिनांपेक्षा जास्त भाव लावला. सुमनताईंनी मान हलवली. "ती न्हाई विकायची."

पुढच्या वर्षी एका कामाला जाताना सुभेदारांच्या घरावरून गेलो. फाटकाचा रंग उडाला होता, दगडांना चुना नव्हता. आत बोलावलं. पुढच्या खोलीत खिडकीला ती जहाजाची काच लावलेली होती. सुमननं आणून दिली म्हणाले. कोपऱ्यावर धूळ साचली होती. मी सहज बोट पुढे केलं.

"हात लावायचा न्हाई!" सुभेदार असे ओरडले की मी दोन पावलं मागे सरलो.

त्या दिवसापासून माझ्या पत्रात शेवटचं वाक्य वेगळं जातं. "सर्व मशिन्स आहेत तशा, आहेत तिथे ठेवाव्यात. पुसू नयेत, घासू नयेत, रंगवू नयेत." साखर कारखान्याचे इंजिनिअर फोन करून विचारतात, साहेब, बॉयलर कोण कशाला पुसेल? मी म्हणतो, लिहिलंय तेवढं करा.