हात म्हणजे वेचणारा
वेम्बलीत दुकानाबाहेर स्ट्रॉबेरीचा वास आला की केंटमधलं ते फार्म आठवतं. फवारणीच्या औषधाने फळं वेचणाऱ्या बायकांच्या हातांना फोड आले होते, पण मालक हातमोजे देईना. म्हणे, फळ चेपतं! त्यात पोलिश आणि लिथुआनियन बायका एकमेकींशी बोलायच्याही नाहीत. मी तेव्हा कामगार युनियनचं काम करत होते; पत्रकासाठी मी दोन्हीकडच्या बायकांना विचारलं, "हाताला तुमच्यात काय म्हणतात?" पोलिश बाई म्हणाली, "रेंका." "आमच्यात रांका," गावी मास्तरीण असलेली लिथुआनियन बाई म्हणाली. "दोन्ही एकाच जुन्या मुळातले. आमच्याकडे रिंक्ती म्हणजे वेचणं. हात म्हणजे वेचणारा." पोलिश बाईने तिचे फोड पाहिले. "मग उद्या वेचायचंच नाही, बाई." सकाळी दोन्ही गट हाताची घडी घालून बांधावर बसले. दुपारी हातमोजे आले. माझ्या एकाही पत्रकाला हे अजून जमलेलं नाही.