लाइन गेली
जुन्या कॉम्प्युटरमधून तापलेल्या धुळीचा वास आला की मला अकोल्यातली ती सकाळ आठवते. नातीचं परदेशातलं बारसं पडद्यावर पाहायचं म्हणून बायको ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती, आणि नेमकं तेव्हाच अपडेट सुरू झालं. ‘बंद करू नका’ एवढीच ओळ आणि गोल फिरणारे ठिपके. नवरात्रातला अखंड दिवा राखावा तशी ती समोर बसून राहिली. मला मात्र राहून राहून वाटे, बंद केलं तर होतं तरी काय? ती चहा ठेवायला उठली आणि मी भिंतीवरचं बटण दाबलं. पुन्हा लावलं तर पडदा काळाच. ‘काहून हो, काय झालं?’ ‘लाइन गेली,’ मी म्हणालो. तिने वर पाहिलं, मग लेकीला फोन लावला, ‘तुमी ठेवा बाप्पा नाव, इकडे लाइन गेली.’ नाव तिने फोनवरच ऐकलं. पाहुण्यांना ती हेच, ऐन बारशाला वीज गेल्याचं, सांगत आली आणि मी मान डोलावत आलो. आज पुन्हा अपडेट चालू आहे. चहा ठेवायला उठताना ती म्हणाली, ‘आज लाइन जाऊ देऊ नका बरं.’ मी वर पाहिलं. पंखा फिरत होता, त्या सकाळीही फिरतच होता.