सोळा मिनिटांचा थांबा

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात स्क्रीनसमोरच बसले होते. पंचवटीतली एक घंटागाडी मागं पडली म्हणून ड्रायव्हरला फोन लावत होते आणि मध्येच तिच्या नवऱ्याचा, सुधाकररावांचा नंबर दिसला. 'गेली हो...' एवढंच म्हणाले. पाच दिवसांपूर्वी ती अंगात ताप घेऊनच कामावरून घरी गेली होती. डेंग्यू निघाला, प्लेटलेट्स उतरत गेल्या आणि शेहेचाळिसाव्या वर्षी सगळं संपलं. आता महिना होईल. चार वर्षं आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी होत्या, डबा एकत्र होता, रजा आम्ही एकमेकींना विचारून टाकायचो. तिच्याबद्दल चांगलं पुष्कळ लिहिता येईल. पण एक गोष्ट आधी लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिण्याचा मला हक्क आहे असं वाटत नाही.

शहराचा कचरा गोळा करण्याचा ठेका असलेल्या कंपनीत आम्ही दोघी कामाला. प्रत्येक घंटागाडीवर जीपीएस बसवलेलं, त्यामुळे नकाशावर तिचा हिरवा ठिपका सरकताना दिसतो. गाडी ठरल्यापेक्षा जास्त वेळ एका जागी राहिली की ठिपका लाल होतो. मग ड्रायव्हरला फोन करायचा, कारण विचारायचं आणि ते नोंदवायचं. कारण नसेल तर नाव 'विनाकारण थांबा'च्या यादीत. शैला त्या ठिपक्यांशी बोलायची. 'चला राव, हला आता, लोक डबे घेऊन उभेत,' असं काहीतरी तिचं दिवसभर चालू असायचं.

जेलरोडची एक गाडी रोज नऊच्या सुमाराला एका मंगल कार्यालयाच्या मागच्या फाटकाशी सोळा-सोळा मिनिटं थांबते, हे पहिल्यांदा तिच्याच लक्षात आलं. ड्रायव्हर भाऊसाहेब, सायखेड्याचे, पन्नाशीचे गृहस्थ. फोनवर म्हणाले, 'थांबावं लागतं मॅडम.' का, ते काही सांगेनात. शैला म्हणाली, 'एकदोन दिवस बघू गं, माणूस उगाच थांबणारा वाटत नाही.' पण महिनाअखेर होती, साहेबांना यादी हवी होती. ती जेवायला उठली तेव्हा मी भाऊसाहेबांचं नाव यादीत टाकलं आणि यादी पाठवून दिली. परत आल्यावर तिनं स्क्रीनकडे पाहिलं. 'पाठवलंस?' म्हणाली. मी मान हलवली. आठ दिवसांत भाऊसाहेबांचं काम गेलं. चौकशीला बोलावलं तेव्हाही ते गप्पच राहिले होते म्हणे.

खरं काय ते कळलं त्या गाडीवरच्या हिराबाईंकडून. गाडीवर कचरा वेगळा करायला दोन बायका असतात, त्यांतल्या या एक. दुसरी आजारी पडली म्हणून तिच्या रजेचा अर्ज घेऊन त्या ऑफिसात आल्या होत्या. शैलानं त्यांना बसवून घेतलं, पाणी दिलं. त्या पाणी घेईनात. म्हणाल्या, 'कामावर आम्ही पाणी पीतच नाय ताई. साडेपाचला घर सोडतो, दुपार होती परतायला. मधी जायचं कुठं? त्या कार्यालयाचा वॉचमन संडास उघडून द्यायचा. भाऊ गाडी लावून लांब जाऊन उभे राहायचे. आता नवा ड्रायव्हर थांबतच नाय... ती बी त्याच्यापायीच आजारी पडली, लघवीला लय त्रास होतो तिला.'

'मग भाऊसाहेबांनी साहेबांना सांगायचं ना!' मी म्हणाले.

'बायांचं असलं चारचौघांत कसं सांगतील ते?'

आमच्या खुर्च्यांपासून बाथरूम दहा पावलांवर आहे. त्या दिवशी शैला जेवली नाही. मला मात्र एका शब्दानंही बोलली नाही, आणि ते मला फार जड गेलं.

पुढचे कित्येक महिने तिनं या एकाच गोष्टीच्या मागं लावले. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून गाड्यांमागं स्कूटर घेऊन हिंडायची, बायकांना विचारायची, कुठला पेट्रोलपंप, कुठली शाळा दार उघडून देईल ते वहीत लिहायची. साहेब म्हणाले, 'सिस्टिममध्ये असा पर्यायच नाही.' ती म्हणाली, 'मग घाला. कुणीतरी बसूनच केलीय ना ती?' शेवटी प्रत्येक गाडीला एक 'मान्य थांबा' मिळाला. आता तिथं ठिपका लाल होत नाही. भाऊसाहेबांना मात्र परत घेतलं नाही. एका रविवारी ती त्यांना भेटायला सायखेड्याला जाऊन आली. सोमवारी म्हणाली, 'भेटले. शेतातली वांगी दिली पिशवीभर.' त्यापुढं तिनं काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तेराव्याला भाऊसाहेब आले, बरोबर त्यांच्या मंडळी. फोटोला हात जोडून ते माझ्याशेजारी टेकले. म्हणाले, 'ताई घरी आल्या होत्या. माझ्या हातून तुमचं नाव यादीत गेलं, म्हणाल्या. नोकरीतलं माणूस एवढ्या लांब माफी मागाया येतं व्हय? मी म्हणलं, जाऊ द्या ताई.'

मी चहाचा कप खाली ठेवला. शैलानं त्यांना माझं नाव सांगितलंच नव्हतं.

'ते नाव मी पाठवलं होतं,' मी म्हणाले. 'ती नको म्हणत होती.'

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले, सुधाकररावांचा निरोप घेतला आणि चपला घालायला लागले. त्यांची बायको माझ्यासमोर क्षणभर थांबली. आवाज न चढवता म्हणाली, 'त्या आल्या तव्हा रडल्या होत्या. तुम्ही नाय आल्या.'

सायखेड्याला निघण्याआधी शैलानं मला फोन केला होता. 'येतेस का?' एवढंच विचारलं होतं तिनं. आज ड्यूटी आहे, असं मी म्हणाले. ड्यूटीचा तक्ता तीच लावायची. त्या रविवारी मला सुट्टी आहे, हे तिला माहीत होतं.

'बरं, मी जाऊन येते,' म्हणाली ती.