पाठकोरे कागद

मी कादंबरी एकदा लिहिते आणि सात वेळा पुन्हा लिहिते. त्यामुळे आमच्या गारखेड्याच्या घरात भांड्यांपेक्षा कागद जास्त. एका बाजूला छापलेले, दुसऱ्या बाजूला कोरे, असे पाठकोरे कागद माझ्याच्यानं फेकवत नाहीत. म्हणून मी ते कवींना वाटते. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर आठ-दहा कवी जमतात, पोहे खातात, एकमेकांना सढळ हातानं दाद देतात आणि जाताना पाठकोऱ्या कागदांचा एकेक गठ्ठा घेऊन जातात. पुढच्या वेळची कविता त्यावरच लिहून आणायची. शहरातली निम्मी कविता माझ्या टाकून दिलेल्या गद्याच्या पाठीवर बसलीय, असं मी मिरवून सांगायचे.

हे मिरवणं या वर्षी अंगाशी आलं.

कादंबरी माझ्या वडिलांवरची. आबा देवगाव रंगारीकडचे मेंढपाळ. मला चांगल्या शाळेत घालायचं म्हणून त्यांनी कळप विकला आणि शहरात येऊन एका कंपनीत वॉचमन झाले. कादंबरी वाचून प्रकाशकांचा फोन आला, "बाकी सगळं झकास, पण कळप विकायचं प्रकरण पुस्तकी वाटतं. तेवढं पुन्हा बघा." मला असा राग आला! माझ्याच बापाची गोष्ट, आणि पुस्तकी? तावातावानं वाचायला बसले आणि चौथ्या पानावर ताव उतरला. पुस्तकीच होतं.

मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी थंडीत, आबांना गच्चीवर उन्हात बसवून मी हेच प्रकरण वाचून दाखवलं होतं. ते दर दोन ओळींना अडवायचे. "थांब, असं नाय व्हत." मी वैतागायचे. त्यांनी गप्प बसावं म्हणून ते बोलतील ते समासात पेनानं खरडायचे आणि धड न ऐकताच पुढं वाचायचे. गेल्या वर्षी आबा गेले. छापलेला मजकूर कॉम्प्युटरवर होता, पण आबांचे शब्द फक्त त्या अकरा पानांच्या समासात होते. आणि ती पानं मी माझ्या हातानं कवींना वाटून मोकळी झाले होते.

आठवडाभर स्कूटरवरून शहर पालथं घातलं. पान द्यायला कुणी नाही म्हणालं नाही. अट एकच, आधी कविता ऐकायची. बेगमपुऱ्यात एका पानापायी तीन कविता ऐकल्या, सिडकोत दोन पानांपायी अख्खा संग्रह. पण पानं हाती येत गेली. एका ठिकाणी मी लिहिलं होतं, 'एक मेंढी उन्हात एकटीच उदास उभी होती.' शेजारी, माझ्याच घाईच्या अक्षरात, आबा: "येडी का तू? मेंढरू उन्हात एकटं उभं ऱ्हात नाय. एकमेकाच्या पोटाखाली मुंडकं घालतं." पदमपुऱ्यात रस्त्याच्या कडेला स्कूटर लावून मी मोठ्यानं हसले. एक रिक्षावाला वळून बघत गेला.

दहा पानं जमली. अकरावं, शेवटचं, सापडेना, आणि मला हवं होतं ते तेच. त्यात कळप विकून बाप निघतो, वळणावर थांबतो आणि मागं बघत राहतो. प्रत्येक खर्ड्यात मी ते बघणं आणखी लांबवत नेलं होतं. आबांबरोबर त्या दिवशी मीही होते म्हणे, सहा वर्षांची. मला त्यातलं काहीच आठवत नाही. पण माझ्या शाळेपायी आबांचा जीव मागंच राहिला, हे मला जन्मभर टोचत आलंय. त्यांना तोंडावर विचारायची हिंमत कधी झाली नाही. ते पान ऐकून ते काहीतरी बोलले होते, एवढं आठवत होतं. काय बोलले, ते नाही.

पान निघालं सिल्लोडच्या सरांकडे. सर निवृत्त शिक्षक, उर्दूत लिहितात आणि मराठीतही, आमच्या गच्चीवर एसटीनं येतात. मी त्यांच्या घरी पोहोचले तर पान भिंतीवर, लॅमिनेट करून खिळ्याला टांगलेलं. समोर त्यांची दिवंगत पत्नीवरची कविता, माझी बाजू भिंतीकडे.

"सर, मला मागची बाजू बघायचीय."

"देखो बेटी, पहिले पुढची," सर म्हणाले. "बैठो, चहा येतो."

कविता ऐकली. फार चांगली होती, आणि ती नीट ऐकल्याबद्दल मी आजही स्वतःची पाठ थोपटते, कारण माझे डोळे सारखे त्या खिळ्याकडे जात होते. मग सरांनी खुर्चीवर चढून पान काढलं, बाहीनं पुसलं, उलटं करून माझ्या हातात दिलं आणि चहाचं बघायच्या निमित्तानं आत गेले.

'तो वळणावर थांबला आणि कितीतरी वेळ मागं बघत राहिला,' या माझ्या लाडक्या ओळीशेजारी समासात तिरकं खरडलेलं होतं:

"मागं कशाला बघू? तू पुढं चालत व्हतीस. रस्त्याला ट्रक लई."