साकु म्हणजे साठ

धाकट्याचं नाव घालायला आज निपाणीच्या तालमीत गेलो. तेल-ताक घालून मळलेल्या तांबड्या मातीचा वास आला आणि बसाप्पा आठवला.

तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. मोजणीत चुकत नाही म्हणून पोरांच्या बैठका मोजायचं काम वस्तादांनी मला दिलं होतं. बसाप्पा कानडी घरचा, नवा आलेला. आदल्या दिवशी धावण्यात त्यानं मला मागं टाकलं होतं. तेव्हापासून तो मला डोळ्यांसमोर नको होता. चाळिसाव्या बैठकीला त्याचे ओठ निळसर पडले. "साकु, साकु," तो धापा टाकत म्हणाला. साकु म्हणजे पुरे.

वस्ताद साताऱ्याकडचे, त्यांना कानडी येत नव्हतं. "काय म्हणतंय रं ते?"

"साठ काढतो म्हणतोय, वस्ताद."

"शाब्बास! काढ की मग, गड्या!"

बसाप्पाला मराठी कळायचं. नाही म्हणता आलं असतं, पण त्याला माझ्यापुढं माघार घ्यायची नव्हती. माझ्याकडं खुनशी नजरेनं बघत त्यानं एकेचाळिसावी काढली. मी मोजत राहिलो. त्रेपन्नाव्या बैठकीला तो मातीत कोसळला. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. ठोके इतके जलद होते, की मला मोजता येईनात.

"हात लावू नगंस," म्हणत त्यानं माझा हात झिडकारला. तो परत कधी तालमीत आला नाही.

आज नव्या वस्तादांनी विचारलं, "पोराला रोज किती बैठका लावू, आप्पा?"

मी आकडा सांगितला नाही. "तुम्हाला कानडी येतं का?" एवढंच विचारलं.