उंच कोण, ठेंगणं कोण

"मावशी, आज तांदूळ किती?" असं विचारलं की त्या आधी स्वतःचा तळहात उलगडून बघायच्या. मग म्हणायच्या, "सा वंजळी. लई झालं."

शेवगावकडच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत त्या मुलांची खिचडी शिजवायच्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही. एकदा त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं, तेवढं पुरे.

मी नवा असताना त्यांच्या ओंजळीवर माझा विश्वास नव्हता. दोनदा काट्यावर तांदूळ घालून बघितले. दोन्ही वेळा वजन सारखंच भरलं. "मग, काटा बराबर हाय ना?" त्यांनी अगदी काळजीने विचारलं.

पहिलीला मी मापनाचे शब्द शिकवत होतो. जड, हलकं, कमी, जास्त. मुलं घोकायची, पण त्यांना कळायचं नाही. एके दिवशी मावशी स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांनी एका मुलीच्या एका हातावर लाल भोपळ्याची मोठी फोड, दुसऱ्यावर मेथीची जुडी ठेवली. भोपळ्याचा हात खाली गेला. "आता सांग, जड कंचं?" सगळा वर्ग ओरडला. तेव्हापासून असा पाठ असला की मी त्यांना बोलवायचो. हात पुसत यायच्या, म्हणायच्या, "शाळंत शिकाया न्हाई आले, शिकवायाच आले बगा."

मावशी उंचीला फार लहान होत्या. चौथीतल्या मुली त्यांच्या बरोबरीला यायच्या. वरच्या फळीवरचा मसाल्याचा डबा हवा असला की बिनदिक्कत हाक मारायच्या, "अगं, या गं एखादी!"

मग तपासणीला साहेब आले. पहिलीच्या वर्गात येऊन म्हणाले, "काहीतरी कृतीतून शिकवून दाखवा." माझी तयारी नव्हती. मी मावशींना बोलावलं आणि साहेबांच्या शेजारी उभं केलं.

"उंच कोण?"

"साहेब!"

"आणि ठेंगणं कोण?"

"मावशी!"

साहेब पोट धरून हसले. मीही हसलो. मावशींनी पदर तोंडाला लावला. त्याही हसताहेत असंच मला वाटलं. "जाऊ का गुर्जी? भात लागंल," एवढंच म्हणाल्या. शेरा उत्तम मिळाला.

दुसऱ्या दिवसापासून मुलं त्यांना 'ठेंगणी मावशी' म्हणू लागली. मी एकदा रागावलो, पण शब्द मीच दिला होता. मावशी वर्गात यायच्या थांबल्या. फळीवरच्या डब्यासाठी हाक मारणंही थांबलं. तेलाचा पत्र्याचा रिकामा डबा ओढून, त्यावर चढून मसाला काढताना मी त्यांना पाहिलं आणि दारातूनच मागे फिरलो. तुम्ही असतात तर कदाचित आत गेला असतात.

बऱ्याच दिवसांनी मी विषय काढला. "मावशी, त्या दिवशी माझं चुकलं."

त्या भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लगनाच्या टायमाला पावनं यायचं, दाराच्या चौकटीला उबं करायचं. आट पावनं आलं. तवा मी मान खाली घालायची." पातेलं पालथं घालून म्हणाल्या, "तुमचा सायब खूश झाला ना?"

मी वर्गाकडे वळलो. माफीचा शब्द तिथेच राहिला.

पुढे लेकीच्या बाळंतपणासाठी त्या कोल्हारला गेल्या आणि तिकडेच राहणार असं कळलं. गेल्या त्या दिवशी टेम्पो शाळेपुढेच थांबला होता. मागे गावातल्या चार बायका बसलेल्या. मावशींना टेम्पोत चढता येईना. मी दहा पावलांवर होतो. हात द्यायला जावं, तर पुन्हा तेच दाखवल्यासारखं होईल असं वाटलं. न जावं, तर तेही वाईट. मी तसाच उभा राहिलो. शेवटी एका बाईने त्यांना वर ओढून घेतलं.

टेम्पो निघाला. बायकांच्या रांगेत त्या बसल्या होत्या. बसल्यावर त्या सगळ्यांच्या बरोबरीच्या दिसत होत्या.