निवडणूक आली, बंदूक कधी जमा करता?

मी निघाले तेव्हा गावात धान कापून झाले होते अन् खळ्यावर चुरणी, म्हणजे मळणी, सुरू होती. अर्जुनीच्या बस स्टँडवर सोडायला अर्धं गाव येईल असं मला वाटलं होतं. आले फक्त माझा लहान भाऊ गेंदलाल अन् त्याची बायको. बाकी सगळे खळ्यावर. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, धान कोणासाठी थांबत नाही. गेंदलाल पिशव्या बसमध्ये चढवून राहिला होता अन् सोबत मला शिकवून राहिला होता. "बाई, तिकडं कोणाले काही इचारत नको बसजो. आपल्यासारखं नाही थे. कोण आलं, काय शिजवलं, पोराचं लगन काऊन नाही झालं, असं इचारशीन तं माधुरीले घर सोडा लागन."

माधुरी माझी एकुलती एक लेक. अमेरिकेत नोकरीला. तिचे बाबा गेल्यावर तिनंच मला कायमचं बोलावून घेतलं. गावच्या बायांनो, अन् गाव सोडून नागपूर, रायपूर, पुण्याला गेलेल्या लेकीसुनांनो, तुम्ही फोनवर नेहमी विचारता, "काकू, तिकडं करमते का?" अन् परवा कोणी तरी विचारलं, "काकू, तू तिकडं मोर्च्यात जातेस म्हणे?" मोर्चा नाही गं. पण जाते हे खरं. ते कसं झालं ते लिहून राहिले.

सुरवातीला करमत नव्हतंच. गावात तलावाच्या पाळीवर सकाळीच साऱ्या बातम्या मिळायच्या, इथं शेजारणीचं नाव कळायला महिना गेला. मग हळूहळू सवय झाली. बाजाराला ग्रोसरी म्हणायला शिकले, अंगणाला यार्ड. टीव्ही पाहून अन् नातीची पुस्तकं वाचून इंग्रजी जमवलं. दुकानातल्या पंजाबी बाईशी आपली गोंदियाची हिंदी चालून जाते, ती म्हणते, "माँजी, आप तो बिलकुल हमारे जैसी बोलती हो."

माझी नात पिहू पहिलीत गेली तेव्हाची गोष्ट. मी सुवाऱ्या लाटत होते, म्हणजे पुऱ्या हो, आपल्याकडच्या. पिहू जेवणाच्या टेबलाखाली बाहुली घेऊन बसली, तिच्या तोंडावर हात दाबून.

"काय करून राहिली गं?"

"श्श. लॉकडाऊन ड्रिल. लाईट ऑफ करायचा, कोपऱ्यात बसायचं अन् अजिबात बोलायचं नाही. आज शाळेत मी सगळ्यात चुप होती, आजी. टीचरनं मला स्टिकर दिला."

"कायले पण?"

"गनवाला आला तर!" असं म्हणून ती बाहुलीवर डाफरली, की हलू नको.

मी माधुरीला विचारलं. ती म्हणाली, "आई, इथं सगळ्या शाळेत असते ते." जसं आपल्याकडं सगळ्या शाळेत खिचडी असते, तसं सांगितलं. तिचं तरी काय चुकलं, रोज त्याचाच विचार केला तर नोकरी कशी करायची?

आता शेजारच्या डगचं सांगते. माझ्याच वयाचा, रिटायर माणूस. बर्फ पडला की स्वतःचं झाडून झालं का आमच्याही दारापुढचा बाजूला सारतो. कुंपणावरून टमाटर देतो. त्याची नात एमा अन् आमची पिहू एकाच वर्गात, म्हणून पिहू रोज संध्याकाळी त्याच्या घरी. थंडीत तो हरिणाच्या शिकारीला जातो, हे मला माहीत होतं. त्याचं मला काही नवल वाटलं नाही, काऊन की बंदूक मी माहेरी पाहिलेली आहे.

माझ्या बाबांजवळ भरमार बंदूक होती. धानात रानडुकरं शिरत म्हणून लायसनवर मिळालेली. भिंतीवर उंच टांगलेली असायची. अन् मोठी निवडणूक लागली का हुकूम यायचा, बंदुका पोलीस थाण्यात जमा करा, निकाल लागला का घेऊन जा. बाबा ती चादरीत गुंडाळून सायकलच्या दांडीला बांधत अन् कुरकुरत जात. "धान काय पोलीस राखतीन का?" माय मात्र खुश. म्हणायची, "राहू द्या तिथंच. तेवढे दिवस तरी लेकराइच्या मागं मागं फिरा लागत नाही." आमच्यासाठी तर निवडणूक म्हणजे तेच होतं, बाबांच्या सायकलवर बांधलेली चादर.

तर इथं नोव्हेंबरात निवडणूक होती. डग आपल्या अंगणात उमेदवाराची पाटी ठोकून राहिला होता. मी कुंपणाजवळ गेले अन् सहज विचारलं, "डग, इलेक्शन आलं. बंदूक कधी जमा करता थाण्यात?"

त्याला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं. मग तो असा हसला की हातोडी खाली ठेवली. बायकोला हाक मारून बाहेर बोलावलं. "ऐक, ही काय म्हणते!" दोघंही हसले, मीही हसले. मला खरंच वाटत होतं, असा नियम जगभर असेल.

"मग ठेवता कुठं?" मी म्हटलं.

"मोठ्या बंदुका वर कपाटात. अन् पिस्तूल किचनच्या ड्रॉवरमध्ये, सेलोटेप अन् बॅटऱ्यांजवळ."

"कुलूप?"

"चोर आल्यावर किल्ली शोधत बसू का?"

माझं हसू तिथंच थांबलं. काल संध्याकाळीच पिहू त्याच्या घरून कागदाचं घर बनवून आली होती. चारी बाजूंनी सेलोटेप लावलेलं.

घरी येऊन माधुरीला सांगितलं तर ती आधी माझ्यावरच चिडली. "आई, असं विचारत नसतात इथं कोणाला!"

"काऊन नसतात? तू पिहूले कोणाकडं पाठवण्याआधी फोन करते का नाही? कुत्रा आहे का, शेंगदाणे खाता का? पोरीले शेंगदाणे चालत नाहीत म्हणून धा वेळा इचारते. बंदुकीचं एकदा इचारलं तं काय जाते?"

माधुरीनं खुर्ची ओढली अन् बसली. मग म्हणाली, "मी कधी विचारलंच नाही गं."

दुसऱ्या दिवसापासून पिहूचं तिकडं जाणं बंद. एमानं इकडं यायचं ठरलं. डगला मी स्वतः जाऊन सांगितलं, पाठीमागं बोलायची मला सवय नाही. त्याला लागलं. म्हणाला, "इतके दिवस माझ्या घरी खेळली, मी तिला काही होऊ देईन?" मी म्हटलं, "तुम्ही नाही होऊ देणार. ड्रॉवर होऊ देईल." पिहू आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. सुवाऱ्या तेवढ्या खाल्ल्या.

आमच्या लायब्ररीत काही बाया जमत होत्या, त्यांत एक शाळेची बाई पुढे होती. त्यांचं मागणं असं, ज्या घरात लेकरं राहतात किंवा येतात, तिथं बंदूक कुलपात पाहिजे, असा राज्याचा कायदा करा. बंदूक काढून घ्या असं नाही. फक्त कुलूप. मी जाऊ लागले. इंग्रजी तोडकंमोडकं, पण लिफाफे भरायला अन् आमदारांच्या ऑफिसात फोन करायला काय लागते? नाव सांगायचं, गाव सांगायचं, कायदा करा म्हणायचं. फोन ठेवायच्या आधी मी तिकडच्या पोरीला "जेवली का?" विचारायचे. बाकीच्या बाया हसायच्या, पण माझा फोन त्या पोरींच्या लक्षात राहायचा.

मग आमदारांच्या कमिटीची सुनावणी लागली अन् बायांनी मला म्हटलं, तू बोल. माधुरीला त्या दिवशी सुट्टी नव्हती. राज्याची राजधानी दूर. डगच म्हणाला, "मी जाऊनच राहिलो, बस गाडीत." तो विरोधात बोलायला चालला होता.

गाडीत म्हणाला, "तुला माहीत आहे ना, मी तुझ्या विरोधात आहे?"

"माहीत आहे. बेल्ट लावा."

"लावतो. कायदा आहे ना."

मी माझा बेल्ट ओढून पाहिला. थोड्या वेळानं त्याचं त्यालाच कळलं, कानापर्यंत लाल झाला.

तिथं प्रत्येकाला अगदी थोडा वेळ देतात अन् तो संपला का समोर लाल दिवा लागते. मी बाबांची भरमार सांगितली, सायकल सांगितली, मायचं बोलणं सांगितलं. म्हटलं, सरकारनं माझ्या बापाची बंदूक हिसकली नाही, दरवेळी परत दिली, पण तेवढे दिवस माझी माय निवांत राहायची. तुमच्या राज्यातल्या आयांना तेवढं तरी द्या. शेंगदाण्याचंही सांगितलं. एक मेंबर हसून म्हणाले, "म्हणजे निवडणुकीआधी आम्ही सगळ्यांच्या बंदुका जमा करायच्या?" मी म्हटलं, "नाही साहेब, कुलूप लावायचं. सोपं काम सांगून राहिले." लोक हसले. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही इथल्या मतदार आहात?"

"नाही."

"थँक यू," म्हणाले, अन् पुढचं नाव घेतलं. ते थँक यू मला अजून टोचते.

डग बोलला तेही खोटं नव्हतं. त्याच्या म्हाताऱ्या आईच्या शेतावर चोर शिरले होते, पोलीस लवकर पोचले नाहीत. परतताना आम्ही गाडीत सुवाऱ्या अन् लोणचं खाल्लं. भांडलो नाही, पटलंही नाही.

कमिटीनं कायदा पुढे सोडला, पण सभागृहात त्याची पाळी यायच्या आधीच अधिवेशन संपलं. पडलाही नाही, उभाही राहिला नाही. पुन्हा पहिल्यापासून. मी डगला विचारलं, "आता तरी कुलूप लावता का?" तो म्हणाला, "कायदा सांगेल त्या दिवशी लावीन." मला राग आला, पण एक गोष्ट पक्की समजली. हा चांगला माणूस आहे. माझ्यासाठी बर्फ उचलते. पण माझ्या म्हणण्यानं कुलूप लावत नाही, कायद्यानं लावेल. म्हणजे कायदाच पाहिजे, अन् कायद्यासाठी मत पाहिजे.

म्हणून मी इथलं नागरिक व्हायचं ठरवलं. गेंदलालला फोनवर सांगितलं. आपल्या देशात दोन देशांचं नागरिक राहता येत नाही. "म्हणजे बाई, मतदार यादीतून तुयं नाव निघन?"

"निघन."

"थ्या लोकाइच्या भानगडीत तुले कायले पडा लागते?"

"पिहू थ्या लोकाइतलीच आहे रे, बाबू."

मुलाखतीला टेबलामागं एक तरुण पोरगी होती. या देशाचा इतिहास विचारला, वाक्य लिहून घेतलं, सगळं जमलं. मग कागदावरून एकामागं एक प्रश्न वाचू लागली. त्यांतला एक असा, की कायद्यानं सांगितलं तर या देशासाठी हाती शस्त्र घ्याल का? मला उकिडवं बसता येत नाही, जिना चढताना मी दोनदा थांबते, अन् मला हे विचारून राहिली. तिचा इलाज नव्हता, सगळ्यांनाच विचारतात.

मी म्हटलं, "येस. लॉ सांगेल तर घेईन. काम झालं का कुलूप लावीन."

तिनं मान खाली घालून खूण केली. हसू दाबताना खांदे हलत होते तिचे.

शपथ झाली. गावची आठवण येत नाही असं नाही. चुरणीच्या दिवसांत झोप लवकर उघडते अन् वाटते, कोणी तरी बैलांना हाकून राहिलं. गाव माझंच आहे, ते यादीवर नव्हतंच कधी. पण सकाळी पिहू शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढते, अन् दुपारी ती पायरी उतरेपर्यंत माझा जीव भांड्यात पडत नाही. जिथं रोज असा घोर लागते, ते घर. आता तिथं माझं मत आहे, अन् येत्या नोव्हेंबरात मी ते टाकणार आहे.